प्रभागातल्या उमेदवारांचा स्वेच्छेचा खर्चकरार: आधी मोजमाप ठरवा, आकडा मागाहून

‘आम्ही पाच लाखांच्या वर एक रुपया खर्च करणार नाही.’ व्यासपीठावरून हे वाक्य टाळ्या घेतं. सगळे उमेदवार हात उंचावतात, फोटो निघतो. आठवड्याभरात पहिला वाद येतो: उमेदवाराच्या भाच्याने ‘स्वतःहून’ घातलेला मंडप या पाच लाखांत धरायचा की नाही? कोणालाच उत्तर माहीत नसतं, कारण पाच लाखांत काय काय मोजायचं हे कोणी ठरवलेलंच नसतं. दुसरा वाद बॅनरचा, तिसरा हळदीकुंकवाच्या वाणाचा. चौथ्या वादापर्यंत करार संपलेला असतो.

ठाण्यातल्या एका प्रभागात अशा करारावर पंच म्हणून बसलो होतो, तेव्हा आम्ही हीच चूक केली. तीन बैठका आकड्यावर भांडण्यात घालवल्या आणि मोजमापाचं ‘नंतर बघू’ म्हटलं. म्हणून हा लेख उलट्या क्रमाने आहे. आकडा चौथ्या टप्प्यावर येईल. सोसायट्यांचं फेडरेशन, ज्येष्ठ नागरिक संघ, महिला मंडळ किंवा नुसते दहा-बारा जागे मतदार, कोणीही हे काम उचलू शकतं. ज्यांना सवय नाही त्यांनी आधी आपल्या सोसायटीच्या कमिटीच्या निवडणुकीत रंगीत तालीम करून बघावी. माणसं तीच असतात, रकमा लहान असतात.

## कामाला लागण्याआधी

जानेवारी २०२६ च्या महापालिका निवडणुकीत राज्य निवडणूक आयोगाने घातलेली खर्चमर्यादा ठाण्यासाठी उमेदवारामागे १३ लाख आणि नवी मुंबईसाठी ११ लाख रुपये होती. तुमचा करार या मर्यादेच्या आत बसतो, तिची जागा घेत नाही. उमेदवाराला सरकारी हिशेब वेगळा द्यावाच लागतो.

आता एक गुणाकार करा. ठाण्यात १३१ जागा ३३ प्रभागांत विभागलेल्या आहेत आणि एक प्रभाग सोडला तर सगळे चार सदस्यांचे. एका पक्षाचे चौघे एकत्र फिरतात, एकाच पत्रकावर छापले जातात. म्हणजे एका पॅनेलला कायद्याने ५२ लाखांची मुभा आहे, आणि समोरचा एकटा अपक्ष १३ लाखांवर अडतो. नवी मुंबईतही चित्र हेच, १११ जागा आणि २८ प्रभाग. करार ‘उमेदवारामागे’ लिहिलात तर ही विषमता तशीच राहते. पॅनेल हा शब्द करारात आलाच पाहिजे.

दुसरी गोष्ट मुदतीची. सरकारी हिशेब अर्ज भरल्यापासून सुरू होतो. खरा खर्च त्याच्या कितीतरी आधी चालू झालेला असतो. स्वेच्छेच्या कराराचं खरं बळ इथेच आहे: तो आधीपासून लागू करता येतो. मी ९० दिवस सुचवतो.

सावधान: ‘तू माघार घे, तुझा झालेला खर्च आम्ही देतो’ असली तडजोड करारात तर नकोच, बैठकीतल्या गप्पांतही नको. उभं राहणं, न राहणं किंवा माघार घेणं हे मतदानासारखेच निवडणूकविषयक हक्क आहेत आणि त्यांसाठी पैसे देणं-घेणं भारतीय न्याय संहितेच्या कलम १७० प्रमाणे लाचखोरी आहे. असा विषय निघाला तर पंचांनी बैठक तिथेच थांबवावी.

## टप्पा १: पंच निवडा

तीन किंवा पाच. सम संख्या नको. एक जण आकड्यांतला हवा: निवृत्त बँक अधिकारी, लेखापाल, सहकारी पतपेढीत हिशेब पाहिलेला माणूस. एक जण प्रभागातल्या गल्ल्या ओळखणारा हवा. घोडबंदर रोडच्या टॉवरांत राहणाऱ्या पाच जणांनी लोकमान्यनगरच्या चाळींतल्या प्रचारावर निवाडे देऊ नयेत; त्यांना तिथला खर्च दिसतही नाही.

कोण नको? कोणत्याही पक्षाचा पदाधिकारी, उमेदवाराचा नातेवाईक, महापालिकेचा ठेकेदार, आणि प्रभागात मंडप, छपाई किंवा केटरिंगचा धंदा असलेला कोणीही. ‘तसे ते तटस्थ आहेत हो’ असं ज्यांच्याबद्दल मुद्दाम सांगावं लागतं, त्यांनाही वगळा.

पंचांनी स्वतःसाठी एक नियम लिहून सही करावी: निकाल लागेपर्यंत आम्ही कोणासाठी मत मागणार नाही, आणि ‘करारावर सही केली म्हणून यांना निवडा’ असंही म्हणणार नाही. हे दुसरं वाक्य लोक विसरतात आणि पंच नकळत प्रचारक होतात.

तपासणी: पंचांची यादी सगळ्या इच्छुकांना पाठवून चार दिवसांत हरकती मागवल्या का? नंतरची हरकत ऐकू नका.

## टप्पा २: काय मोजायचं याची यादी करा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. दोन बैठका तरी लागतील. प्रत्येक बाबीला दोन प्रश्न लावा: याने उमेदवाराचं नाव, चेहरा किंवा चिन्ह लोकांपुढे गेलं का? निवडणूक नसती तर हे झालं असतं का? ‘पैसे कोणी दिले’ हा प्रश्न विचारायचाच नाही. मित्राने दिले, मंडळाने दिले, कोण्या बिल्डरने दिले, खर्च उमेदवाराच्याच खाती.

याला कायद्याचाही आधार आहे. उमेदवाराच्या लेखी परवानगीशिवाय त्याच्यासाठी सभा, जाहिरात किंवा पत्रकावर खर्च करणं हा न्याय संहितेच्या कलम १७६ खाली गुन्हा आहे. दंड दहा हजारांपर्यंत. मागाहून दहा दिवसांत मंजुरी घेण्याची सवलत आहे ती फक्त दहा रुपयांपर्यंतच्या खर्चाला! त्यामुळे ‘कार्यकर्त्याने परस्पर केलं, मला माहीतच नव्हतं’ म्हणणारा उमेदवार आपल्याच कार्यकर्त्याला अडकवत असतो. हे शांतपणे समजावून सांगितलं की भाच्याचा मंडप आपोआप हिशेबात येतो.

वाद हमखास होतात त्या बाबी आणि माझं मत:

हळदीकुंकू. जानेवारीची निवडणूक असेल तर हा सगळ्यात मोठा खड्डा. मतदान १५ जानेवारीला आणि संक्रांत आदल्या दिवशी, असा योग २०२६ मध्ये आलाच होता. कार्यक्रम करा, तिळगूळ वाटा, त्याचा खर्च मोजा. वाण म्हणून स्टीलचे डबे, साड्या, कुकर बंद. वाणाला किंमतीची मर्यादा घालायचा प्रयत्न आम्ही केला होता, ‘पन्नास रुपयांपर्यंत’ असा. तो फसला, प्रत्येक डबा एकोणपन्नासचा निघाला. सरळ बंदी सोपी जाते.

सोसायटीची कामं. पेव्हर ब्लॉक, जिन्याचा रंग, सीसीटीव्ही, टाकीची सफाई. उमेदवाराने खिशातून केलेली असली कामं करारकाळात बंद. महापालिकेच्या निधीतून चालू असलेलं काम प्रचारखर्च नाही; पण त्या कामावर लावलेला ‘यांच्या प्रयत्नाने’ हा फलक आहे.

देवदर्शनाच्या बस. एकवीरा, शिर्डी, अक्कलकोट. बंद. याला अपवाद मागणारे बरेच भेटतील आणि ‘दरवर्षी नेतो’ म्हणतील. मागच्या वर्षीच्या त्याच महिन्यातल्या सहलीचं बिल दाखवा म्हणावं.

क्रिकेट स्पर्धा, कबड्डी, आरोग्य शिबिर. उमेदवाराचा फोटो टी-शर्टवर, चषकावर किंवा फलकावर असेल तर पूर्ण खर्च धरा. फोटो नसेल तर सोडा.

वाढदिवसाचे आणि ‘हार्दिक शुभेच्छा’चे बॅनर. चौरस फूट गुणिले दर. शुभेच्छुक कोणीही असो. परवानगी नसलेला बॅनर मोजायचाही आणि उतरवायलाही लावायचा.

नेत्याची सभा. मंडप, खुर्च्या, ध्वनी, माणसं आणणाऱ्या गाड्या, एवढं धरा. तीन प्रभागांची मिळून सभा असेल तर तीन भाग करा. नेत्याचा स्वतःचा प्रवास सोडून द्या, तो मोजण्याच्या भानगडीत पडाल तर बाकीचं राहून जाईल.

फुकटची जागा. कार्यकर्त्याचा रिकामा गाळा कार्यालय म्हणून वापरला तर त्या गल्लीत चालू असलेल्या भाड्याने धरा.

माणसं. स्वतःचा वेळ आणि स्वतःचं पेट्रोल घालणारा कार्यकर्ता मोजू नका. रोजंदारी घेणारी पोरं मोजा. दोघांचा चहा-वडापाव मोजा.

रील आणि मोबाइल. स्वतःच्या फोनवर काढलेला व्हिडिओ फुकट. रील बनवून देणाऱ्याचं मानधन, पैसे देऊन वाढवलेली पोहोच, घाऊक मेसेज आणि ध्वनिमुद्रित फोन, सगळं मोजा.

वकील आणि हिशेबनीस. यांचं शुल्क मी मुद्दाम बाहेर ठेवतो. मर्यादेत धरलं की उमेदवार पहिली काटछाट हिशेबनिसावरच करतो.

तपासणी: यादीतली कोणतीही पाच वाक्यं प्रभागातल्या तीन वेगवेगळ्या पक्षांच्या कार्यकर्त्यांना वाचून दाखवा. तिघांनी एकच अर्थ सांगितला तरच पुढे जा.

## टप्पा ३: दर ठरवा

निवडणुकीच्या वेळी प्रशासन दरपत्रक काढतं. खुर्ची, मंडप, रिक्षा, चहा, नाश्ता, झेंडा, प्रत्येकाचा दर त्यात असतो. ते हाती येईपर्यंत तुमचं तात्पुरतं दरपत्रक हवं. प्रभागातल्या तीन मंडपवाल्यांकडून, तीन छापखान्यांकडून लेखी दर घ्या आणि मधला दर धरा. सरकारी दरपत्रक आलं की तेच लागू.

सगळ्यात कामाचं कलम हे: बिल आणि दरपत्रक यांत जी रक्कम जास्त, ती हिशेबात. ओळखीच्या डेकोरेटरने दोनशे खुर्च्या ‘साहेबांसाठी’ फुकट दिल्या, तरी दोनशे खुर्च्यांचे पैसे लागतात. हे कलम नसेल तर निम्मी निवडणूक फुकटात लढवली गेल्याचं कागदावर दिसेल. मागच्या निवडणुकीतले झेंडे-उपरणी निम्म्या दराने धरा.

## टप्पा ४: आता आकडा

आकडा खालून वर बांधत न्यायचा. २०११ च्या जनगणनेत ठाणे शहराची लोकसंख्या १८.४१ लाख होती. १३१ ने भागलं तर एका सदस्यामागे सुमारे १४ हजार, चार सदस्यांच्या प्रभागात सुमारे ५६ हजार माणसं. घरटी चार धरले तर १४ हजार घरं. आज वस्ती वाढली आहे, तुमच्या प्रभागाची मतदारयादी हाती घेऊन हाच हिशेब पुन्हा करा.

समजा एका पॅनेलला पोटापुरता प्रचार करायचा आहे. खालचे दर केवळ हिशेब दाखवण्यासाठी धरले आहेत:

- घरटी दोन पत्रकं, थोडी जास्तीची धरून ३०,०००, दर २ रुपये: ६०,०००
- दोन रिक्षा, ध्वनिक्षेपकासह १० दिवस, रोज २,५००: ५०,०००
- चौकसभा ८, प्रत्येकी १२,०००: ९६,०००
- एक मोठी सभा: १,५०,०००
- कार्यालय: ४०,०००
- ६० कार्यकर्ते, १० दिवस, माणशी ८० रुपये नाश्ता: ४८,०००
- समाजमाध्यमं: ६०,०००
- झेंडे, टोप्या, उपरणी: ४०,०००
- मतदानाच्या दिवशी ५० केंद्रांबाहेर टेबल, प्रत्येकी १,०००: ५०,०००
- डिझाइन, फोटो: २०,०००

बेरीज ६,१४,०००. वर पंधरा टक्के अचानकच्या खर्चाला, म्हणजे सात लाखांच्या आसपास.

आता इथे थांबून विचार करा. पॅनेलला सात लाख पुरतात, मग ‘उमेदवारामागे पावणेदोन लाख’ लिहायचं का? लिहिलंत तर अपक्ष मेला. त्या एकट्यालाही तीच १४ हजार घरं गाठायची आहेत, तेच ५० टेबल लावायचे आहेत. त्याचा खर्च चौथा हिस्सा होत नाही. माझी मांडणी अशी: एकट्या उमेदवाराला सात लाख, पूर्ण पॅनेलला चौदा लाख. चौघांना वेगवेगळ्या वस्त्यांत थोडं स्वतंत्र फिरावं लागतं म्हणून दुप्पट, पण चौपट नाही. दोघा-तिघांचं पॅनेल असेल तर मधला आकडा.

फार कमी आकडा मागण्याचा मोह आवरा. पॅनेलला तीन लाख म्हणाल तर सगळे हसत सही करतील आणि दुसऱ्या दिवसापासून वेगळी वही ठेवतील. आकडा इतपत हवा की प्रामाणिक माणसाला तो पाळता यावा.

सावधान: पॅनेलचा सामाईक खर्च तुमच्या वहीत एकदाच येतो, पण सरकारी हिशेबात तो प्रत्येक उमेदवाराच्या नावे त्याच्या हिश्श्याने दाखवावा लागतो. दोन वह्या, एकच बिल. बिलाच्या मागे हिस्से लिहून ठेवा.

## टप्पा ५: वागणुकीची कलमं

सातच्या वर नकोत, आणि प्रत्येक कलम असं हवं की कोणालाही फोटो काढून किंवा मोजून ते पाळलं गेलं का हे दाखवता यावं. ‘प्रचार सभ्य भाषेत करू’ हे कलम नाही, सुविचार आहे.

चालण्यासारखी कलमं: भिंती, वीजखांब, झाडं, तलावांचे कठडे यांवर काही लावणार नाही. ध्वनिक्षेपक रात्री आठला बंद. कायद्याने दहापर्यंत चालतो, पण परीक्षा देणारी मुलं आणि म्हातारी माणसं घरात असतात. प्रत्येक पत्रकावर मुद्रक, प्रकाशक आणि प्रतींची संख्या छापू. ज्या सोसायटीने एका पॅनेलला आत येऊ दिलं, तिने इतरांनाही तेवढाच वेळ द्यावा अशी लेखी विनंती सगळे मिळून करू. घरभेटीला एका वेळी पाचच माणसं. दुसऱ्या उमेदवाराचा आवाज किंवा चेहरा वापरून बनवलेला व्हिडिओ पसरवणार नाही. आपल्या गटात आला तर दोन तासांत काढायला लावू. जात, धर्म, प्रांत किंवा ‘मूळचे आणि बाहेरचे’ यावर मत मागणार नाही.

शेवटचं कलम मोजता येत नाही, मला माहीत आहे. तरी ठेवा. आगरी-कोळी गावठाण, चाळी आणि नवे टॉवर एकाच प्रभागात असले की हाच विषय पहिला पेटतो, आणि निदान सही दाखवता येते.

## टप्पा ६: सह्या दोन फेऱ्यांत

२०२६ चा कार्यक्रम पाहा. घोषणा १५ डिसेंबरला, अर्ज ३० डिसेंबरला बंद, माघार २ जानेवारीपर्यंत, चिन्हवाटप ३ जानेवारीला, मतदान १५ ला. चिन्ह हातात आल्यावर उरतात जेमतेम दहा दिवस. आणि मोठ्या पक्षांचा एबी फॉर्म, म्हणजे अधिकृत उमेदवारीचा कागद, कोणाला मिळणार हे शेवटच्या दुपारपर्यंत उमेदवारालाही ठाऊक नसतं. अधिकृत उमेदवार ठरण्याची वाट पाहत बसलात तर करारच होणार नाही; आधीच सह्या घेतल्यात तर ज्यांनी सही केली त्यांना तिकीट मिळणार नाही.

म्हणून दोन फेऱ्या. पहिली फेरी इच्छुकांची, घोषणेच्या निदान दोन महिने आधी. एक पानी पत्र: ‘मी उमेदवार असो वा नसो, ही मोजणीची यादी आणि ही कलमं मला मान्य आहेत.’ यात आकडा नाही. तिकीट न मिळालेला इच्छुक पुढे आपल्या पक्षाच्या उमेदवाराकडे आग्रह धरतो, हा फायदा कमी नाही. दुसरी फेरी माघारीची मुदत संपल्याच्या संध्याकाळी. आकड्यासह पूर्ण करार. उमेदवार, त्याचा निवडणूक प्रतिनिधी आणि हिशेब लिहिणारा, तिघांच्या सह्या. हिशेब लिहिणाऱ्याची सही घेतलीच पाहिजे. उद्या रात्री अकराला फोन त्यालाच जाणार आहे.

एखाद्या मोठ्या पॅनेलने नकार दिला तर? करारात आधीच लिहून ठेवा: किती सह्या झाल्या तर करार लागू होईल. लहान उमेदवारांनी स्वतःला बांधून घ्यायचं आणि मोठ्याने मोकळं फिरायचं, हा करार नव्हे. नकार देणाऱ्याचं नाव जाहीर करायचंच असेल तर त्याचं कारण त्याच्याच शब्दांत सोबत छापा.

तपासणी: करारात दंडाची रक्कम आहे का? असेल तर काढा. ‘भंग करणाऱ्याने मंडळाला पन्नास हजार द्यावेत’ हे ऐकायला बरं वाटतं, पण ऐन निवडणुकीत उमेदवाराने प्रभागातल्या मंडळाला पैसे देणं मतदारांना आमिष ठरू शकतं. मंदिर, शाळा, वाचनालय, सगळ्यांना हेच लागू.

## टप्पा ७: रोजची वही

सहा रकाने: तारीख, बाब, नग, दर, रक्कम, बिल क्रमांक. सातवा नको. रोज रात्री दहापर्यंत वहीच्या पानाचा फोटो पंचांच्या गटात. ज्या दिवशी खर्च नाही त्या दिवशी ‘निरंक’ लिहून फोटो. कोरा दिवस चालणार नाही.

पंचांनी रोज तीन ठिकाणी अचानक जावं. खुर्च्या मोजाव्यात, रिक्षांचे नंबर टिपावेत, बॅनरचा फोटो जागेसकट काढावा. आपली टिपणं आधी लिहायची आणि उमेदवाराची वही मग उघडायची. उलट केलंत तर वहीत आहे तेवढंच तुम्हाला दिसेल.

दर तिसऱ्या दिवशी बेरजा सोसायट्यांच्या सूचना फलकावर आणि नाक्यावर लावा. पॅनेलचं नाव, आजवरचा खर्च, उरलेली रक्कम. शेरा नको. लोक वाचतात, तुलना करतात, आणि ‘अरे, परवाच्या सभेत हजार खुर्च्या होत्या, इथे तीनशेच?’ असं विचारायला पंचांकडे येतात. फुकटचे हजार निरीक्षक मिळतात.

## टप्पा ८: तक्रार आणि निवाडा

तक्रार लेखी, फोटो, तारीख आणि जागेसह. उत्तराला बारा तास. चोवीस तासांत निवाडा, तिथेच विषय संपला. चहाच्या टपरीवर ऐकलेली तक्रार घेऊ नका.

भंग सिद्ध झाला तर पुढे काय, हे बहुतेक करारांत लिहिलेलंच नसतं. मग एकाने मर्यादा ओलांडली की बाकीचे ‘आता आम्हीही मोकळे’ म्हणून सुटतात. त्याऐवजी असं कलम घाला: एका पॅनेलचा खर्च मर्यादेच्या वर जितका गेला, तितकीच वाढ इतरांनाही मिळेल. चौदाचे सोळा झाले तर सगळ्यांचे दोन लाखांनी वाढले. ओलांडणाऱ्याला फायदा उरत नाही आणि करार जिवंत राहतो.

सावधान: निवाड्याच्या कागदावर मोजलेलंच लिहा. ‘अमुक ठिकाणी ४०० खुर्च्या, वहीत १५०, फरकाची रक्कम इतकी, उमेदवाराचं म्हणणं असं.’ ‘लबाडी’, ‘चोरी’, ‘भ्रष्ट’ हे शब्द आले की पंच स्वतः अडचणीत येतात. उमेदवाराच्या चारित्र्याविषयी खोटं विधान करणं कलम १७५ खाली येतं.

## टप्पा ९: शेवटच्या दोन रात्री

लक्ष्मीदर्शनाच्या रात्री. या वेळी पंचांचं काम संपतं आणि कायद्याचं सुरू होतं. पाकिटं वाटताना दिसली तर पाठलाग नको, झडती नको, व्हिडिओसाठी अंगावर जाणं नको. वेळ, इमारत, गाडीचा नंबर टिपा आणि निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या कार्यालयाला किंवा ११२ वर कळवा. त्या कार्यालयाचे आणि भरारी पथकाचे नंबर आधीच भिंतीवर लावलेले हवेत.

चुकीच्या दारात जाणारे इथेच सापडतात. लोक सी-व्हिजिल ॲप उघडून बसतात. ते भारत निवडणूक आयोगाचं, लोकसभा-विधानसभेसाठीचं. महापालिकेची निवडणूक राज्य निवडणूक आयोग घेतो, दार वेगळं आहे.

मतदानाच्या सकाळी टेबलं आखून दिलेल्या हद्दीबाहेर आहेत ना एवढंच बघा. नाश्त्याची पाकिटं मोजा, ती वहीत चढतात. मग स्वतः जाऊन मतदान करा. आमच्यातले एक पंच दिवसभर खुर्च्या मोजत फिरले आणि साडेपाचनंतर केंद्रावर पोहोचले. दार बंद झालं होतं.

## टप्पा १०: निकालानंतर

निकालापासून ३० दिवसांत उमेदवाराला सरकारी हिशेब सादर करावा लागतो. न देणारा अपात्र ठरू शकतो, हरलेलाही. विसाव्या दिवशी सगळ्यांच्या हिशेबनिसांना बोलवा आणि दोन्ही वह्या शेजारी ठेवा. फरक दोनच कारणांनी पडतो: सामाईक बिलांचे हिस्से चुकलेले असतात, नाहीतर अर्ज भरण्याआधीचा खर्च तुमच्या वहीत आहे आणि सरकारी हिशेबात नाही. पहिला दुरुस्त करा, दुसरा तसाच ठेवून शेजारी टीप लिहा. तिसऱ्याच कारणाचा फरक निघाला तर तो अंतिम बेरजेत आकड्यासह लिहा.

अंतिम बेरीज एका पानावर छापून फलकांवर लावा. जिंकलेले आधी, हरलेले नंतर, असा क्रम नको. आडनावांच्या वर्णानुक्रमाने लावा.

मग फाइल आवरा. मोजणीची यादी, दरपत्रक, कराराचा नमुना आणि निवाड्यांच्या प्रती पुढच्या पंचांसाठी ठेवा. तक्रारदारांची नावं, फोन नंबर आणि देणगीदारांच्या याद्या पंचांच्या बैठकीत सगळ्यांसमोर फाडा, गटातले फोटो पुसा आणि गट बंद करा.